मदत हवी आहे: नाताळात कलोनचं कॅथेड्रल

मी आणि नवरा यंदा नाताळात जर्मनीत असू. कलोनचं कॅथेड्रल बघायचंच, असं ठरवलंय. १२४८ साली सुरू झालेलं बांधकाम १८८० मध्ये पूर्ण झालं. मधली काही शतकं तर काम ठप्पच होतं! (आपल्या रखडलेल्या पुलांना नावं ठेवायला नकोत.)

खरा प्रश्न २४ डिसेंबरच्या रात्रीचा. आम्ही ख्रिस्ती नाही, पण मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) शांतपणे मागे बसून ऐकायची इच्छा आहे. चालतं ना? जागा मिळायला किती आधी जावं लागतं? प्रार्थना चालू असताना पर्यटकांना फिरू देत नाहीत, म्हणून तीन राजांची सोनेरी पेटी (येशूच्या जन्माच्या कथेतल्या तीन राजांचे अवशेष हिच्यात आहेत असं मानतात) वेगळ्या वेळी बघू.

दक्षिण मनोऱ्याला ५३३ पायऱ्या, लिफ्ट नाही. वाटेत २४ टनांची घंटा दिसते, त्यासाठी मला चढायचंय. नवऱ्याचे गुडघे कुरकुरतात. तो तासभर खाली कुठे उबेत बसू शकेल?

शेजारचा नाताळ बाजार २३ तारखेलाच आवरतात असं वाचलं. मग आदल्या दिवशीच पोहोचावं का? कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा, तिकिटं काढायचीत.