हूव्हरची 'खासगी' पत्रं: फाडायचा अधिकार नक्की कुणाचा?

कोरा_कागद:
मंडळी, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाचा शपथविधी झाला की परेड कॅपिटॉलपासून पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूने व्हाइट हाऊसकडे जाते आणि वाटेतच न्याय खात्याची बिल्डिंग लागते. एफबीआयचा डायरेक्टर जे. एडगर हूव्हर तिथेच बसायचा. त्याच्या ऑफिसच्या बाल्कनीतून परेड बघायचं आमंत्रण म्हणजे मोठा मान, १९४९ ला ट्रुमनच्या वेळी शर्ली टेंपल होती तिथे. आता अशी आमंत्रणं, नव्या राष्ट्राध्यक्षाचं अभिनंदन, आलेली आभाराची पत्रं, हे सगळं खासगी की सरकारी?

माझ्या मते सरकारी. १९२४ ते १९७२, कूलिजपासून निक्सनपर्यंत आठ राष्ट्राध्यक्ष आले आणि हा खुर्चीवरून हलला नाही. ज्याची नोकरी दर वेळी नव्या माणसाच्या मर्जीवर टिकते त्याचं अभिनंदनाचं पत्र नुसतं अभिनंदनाचं कसं असेल? २ मे १९७२ ला तो गेला आणि त्याची सेक्रेटरी हेलन गँडी हिने 'पर्सनल' फाईल त्याच्या घरच्या तळघरात नेऊन पुढचे कित्येक आठवडे बसून नष्ट करून टाकली. बाहेरच्या कुणीही त्यातला एक कागद आधी तपासला नाही, आणि याचा मला आजही संताप येतो.

सातारकर:
अजिबात पटलं नाही. गँडीबाई १९१८ पासून त्याच्याकडे कामाला, ५४ वर्षं. १९७५ ला अमेरिकन काँग्रेसच्या (म्हणजे तिथल्या संसदेच्या) कमिटीपुढे बसून त्यांनी सांगितलं की जे नष्ट केलं ते निव्वळ खासगी होतं, आणि हूव्हरची दुसरी, 'ऑफिशियल अँड कॉन्फिडेन्शियल' नावाची गोपनीय सरकारी फाईल, तिचे खोके त्यांनीच आधी एफबीआयचा वरिष्ठ अधिकारी मार्क फेल्ट याच्याकडे ऑफिसात दिले होते, लपवायचंच असतं तर ते कशाला दिले असते? पोलीसप्रमुख झाला म्हणून माणसाला मित्र नसतात का? आणि पत्र दोघांचं असतं हो, ज्याने हूव्हरला विश्वासाने चार ओळी लिहिल्या त्याचं काय? त्याने कुठे सरकारी पगार घेतला होता?

कोरा_कागद:
सातारकर, पत्र दोघांचं असतं हा मुद्दा मान्य. पण 'निव्वळ खासगी' हे ठरवलं कुणी? बाईंनीच ना? आता हे बघा. मरायच्या काही महिने आधी हूव्हरने स्वतःच त्या पर्सनल फाईलमधली आठ फोल्डर काढून ऑफिशियलमध्ये टाकली, अक्षरांच्या क्रमाने जाताना बहुतेक बी, सी इथपर्यंतच पोचला असावा. त्यात एक निघालं 'ब्लॅक बॅग जॉब्स', म्हणजे एजंटांनी लोकांच्या घरात ऑफिसात चोरून शिरायचं. १९६६ चा मेमो आहे तो, एफबीआयच्याच अधिकाऱ्याने लिहिलेला, आणि हे बेकायदा आहे म्हणून आपण बाहेर कुणाची परवानगी मागतच नाही असं त्यात सरळ लिहिलंय. हा कागद 'पर्सनल'मध्ये होता! सरकला म्हणून वाचला. मग पुढच्या अक्षरांत काय काय होतं हे कोण सांगणार? बाईंच्या निष्ठेवर मला शंकाच नाही, पण त्यांची निष्ठा हूव्हरशी होती.

वैदर्भी:
इथे कोमीचं प्रकरण आठवल्याशिवाय राहत नाही. २२ जानेवारी २०१७, ट्रंपच्या शपथविधीला दोन दिवस झालेले, बंदोबस्त केला त्यांचे आभार मानायला व्हाइट हाऊसमध्ये रिसेप्शन होतं आणि एफबीआय डायरेक्टर जेम्स कोमी, सहा फूट आठ इंच माणूस, निळा सूट घालून निळ्या पडद्याला चिकटून उभा होता, का तर ट्रंपचं लक्ष जाऊ नये म्हणून. तरी बोलावलंच. मग त्याच आठवड्यात जेवणाचं आमंत्रण आणि 'मला निष्ठा हवी'. कोमीने असल्या भेटींचे मेमो लिहिले, काही घरच्या तिजोरीत ठेवले आणि म्हणाला हे माझे पर्सनल. २०१९ ला न्याय खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने (म्हणजे खात्याच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) सांगितलं, नाही, ही सरकारी रेकॉर्ड आहेत आणि तुम्ही नियम मोडले (खटला मात्र झाला नाही). मी कोमीच्या बाजूची आहे तरी इथे इन्स्पेक्टर जनरलचंच बरोबर वाटतं. पण एक फरक विसरू नका, कोमीने लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं. प्रत्येक कागद सरकारजमा म्हटलं तर पुढचा डायरेक्टर काही लिहिणारच नाही, सगळं फोनवर.

सातारकर:
वैदर्भीताई, हेच म्हणतोय मी! भीतीपोटी लोक लिहायचं बंद करतात आणि मग इतिहासाच्या हाती काहीच लागत नाही. शपथविधीच्या थंडीबद्दल मित्राला लिहिलेली पत्रंसुद्धा सरकारी शिक्का मारून कपाटात घालायची हे मला माणुसकीला धरून वाटत नाही.

कोरा_कागद:
थंडीचं पत्र खुशाल घरच्यांना परत द्या ना, कोण अडवतंय. पण आधी नॅशनल अर्काइव्हजच्या (सरकारी दफ्तरखान्याच्या) माणसाने ते बघावं, खासगी निघालं तर तिथल्या तिथे परत. माणुसकीचं म्हणाल तर ह्याच एफबीआयने १९४० ते १९६६ मध्ये हजारो साध्या लोकांची टपालातली पत्रं फोडून वाचली, त्या लोकांना कुणी विचारलं होतं?

सातारकर:
नव्हतं विचारलं, आणि ते घोर चूक होतं. म्हणूनच तर पत्र उघडणारा नवा सरकारी माणूस मला नकोय, मग तो अर्काइव्हजचा का असेना. कोर्टाने एखादं पत्र मागितलं तर द्यावं, तोवर ते बंदच राहू द्या, पण फाडू नका, एवढ्यापुरता मी तुमच्या बाजूला यायला तयार आहे.