अतिउजव्या चळवळींना छोट्या प्रकाशनसंस्था कशासाठी लागतात?

एरंडवणेकर :
राज्यशास्त्राच्या प्रबंधासाठी मी युरोप-अमेरिकेतील अतिउजव्या चळवळींचा अभ्यास करीत आहे. पक्ष, निवडणुका आणि समाजमाध्यमे यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु यांतील अनेक चळवळींच्या आसपास दोन-चार माणसांनी चालवलेली एखादी प्रकाशनसंस्था आढळते आणि तिचा उल्लेख तळटिपेत उरकला जातो. एखादी चित्रफीत रातोरात लाखो लोक पाहतात, अशा काळात हजार-दोन हजार प्रतींच्या पुस्तकातून या मंडळींना काय मिळते? पुण्यातील प्रकाशन व्यवसायाचे जाणकार येथे आहेत, म्हणून विचारतो.

शनिवारातला मुद्रक :
छपाई आणि वितरण हाच माझा व्यवसाय असल्याने व्यवहाराच्या अंगाने लिहितो. मोठा प्रकाशक न खपणारे पुस्तक यादीतून काढून टाकतो. मताशी बांधलेला छोटा प्रकाशक तेच पुस्तक तोटा सोसून वर्षानुवर्षे छापत राहतो. अमेरिकेत विल्यम पिअर्स या श्वेतवर्चस्ववाद्याने टोपणनावाने लिहिलेली ‘द टर्नर डायरीज’ ही वंशयुद्धाची कादंबरी 1978 मध्ये त्याच्याच संघटनेने प्रसिद्ध केली. नेहमीच्या दुकानांत तिला फारशी जागा नव्हती, तरी टपालाने आणि शस्त्रप्रदर्शनांतून ती फिरत राहिली. टिमथी मॅकव्हे अशा प्रदर्शनांत तिच्या प्रती स्वतः विकत असे. 19 एप्रिल 1995 रोजी त्याने ओक्लाहोमा सिटीत घडवलेल्या स्फोटात 168 जणांचा बळी गेला आणि त्याच्या मोटारीत त्या कादंबरीतील काही पाने सापडली.

त्याहून बोलके उदाहरण मला म्युनिकच्या युलियुस लेमान याचे वाटते. हा मूळचा वैद्यकीय ग्रंथांचा प्रकाशक, आणि त्याचे सचित्र वैद्यकीय संदर्भग्रंथ डॉक्टरांमध्ये मान्यता पावलेले होते. याच लेमानने हान्स ग्युंटर या लेखकाकडून जर्मन लोकांच्या ‘वंशशास्त्रा’वरील ग्रंथ मागून लिहवून घेतला आणि 1922 मध्ये तो बाजारात आणला. वैद्यकीय प्रकाशकाची मुद्रा असल्याने वंशवादाला शास्त्राचा पोशाख आपोआप मिळाला. पुढे 1930 मध्ये नाझी मंत्र्याच्या आग्रहाने ग्युंटरला येना विद्यापीठात प्राध्यापकपदही देण्यात आले. हस्तलिखित आले आणि छापले, इतकाच प्रकाशकाचा संबंध असतो हा समज येथे टिकत नाही.

जर्मनवाचक :
आजच्या काळासाठी श्नेलरोडा हे पूर्व जर्मनीतील खेडे पाहावे. अतिउजव्या वर्तुळातील प्रकाशक गोट्झ कुबिचेक यांचे ‘अंटायोस’ प्रकाशन, ‘सेझेसिओन’ हे नियतकालिक आणि तरुणांसाठीचे अभ्यासवर्ग या सगळ्यांचा कारभार त्याच ठिकाणाहून चालत आला आहे. पुस्तक हे तेथे माणसे एकत्र येण्याचे निमित्त असते. 2017 मध्ये या प्रकाशनाचे ‘फिनिस गेर्मानिया’ हे पुस्तक एका प्रतिष्ठित शिफारस-यादीत आले, त्यावर गदारोळ झाला आणि खप एकदम वाढला. तेव्हा ‘डेर श्पीगल’ या जर्मन साप्ताहिकाने ते आपल्या सर्वाधिक खपाच्या यादीतून वगळले, आणि या वगळण्याचीच आणखी चर्चा झाली. छोट्या प्रकाशकाला जाहिरातीवर इतका खर्च कधीच परवडला नसता.

भाषांतराचे कामही विसरू नये. आलँ द बेनुआ, गियोम फाय, अलेक्सांद्र दुगिन हे युरोपातील उजव्या विचारांचे लेखक इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचवण्यात ‘आर्क्टॉस’ या संस्थेचा मोठा वाटा आहे, आणि सुरुवातीची काही वर्षे तिचा कारभार भारतातून चालत असे.

कर्वेरोडकर :
वरील मांडणी मला थोडी फुगवलेली वाटते. रनो कामू यांचे ‘महाप्रतिस्थापना’, म्हणजे युरोपातील मूळ लोकांची जागा स्थलांतरित घेत आहेत हा दावा, मांडणारे फ्रेंच पुस्तक 2011 मध्ये एका छोट्या प्रकाशकाने काढले हे खरे. पण 15 मार्च 2019 रोजी क्राइस्टचर्चच्या मशिदींत 51 जणांना ठार करणाऱ्याने आपल्या पत्रकाला तेच शीर्षक दिले, ते इंटरनेटवर रुळलेला शब्दप्रयोग म्हणून. पुस्तकाने नाव पुरवले, प्रसार दुसऱ्यांनी केला.

शिवाय पदपथावरचा विक्रेता आणि चळवळीचा प्रकाशक यांची गल्लत होऊ नये. हिटलरचे आत्मचरित्र पुण्यात यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते. विकणाऱ्याला आणि बहुधा छापणाऱ्यालाही त्यातून केवळ पैसा हवा असतो. जर्मनीत मात्र बव्हेरिया राज्याकडील या पुस्तकाचे हक्क 2015 च्या अखेरीस संपल्यानंतर म्युनिकच्या इतिहाससंस्थेने जवळपास 2,000 पानांची सटीप आवृत्ती काढली. आपल्याकडच्या स्वस्त प्रतींत टीप औषधालाही सापडत नाही, आणि हा प्रश्न मला श्नेलरोड्याहून जवळचा वाटतो.

एरंडवणेकर :
सर्वांचे आभार. मग एखादी संस्था चळवळीची आहे की निव्वळ धंदेवाईक, हे ओळखायचे कसे?

शनिवारातला मुद्रक :
तिची संपूर्ण पुस्तकसूची क्रमाने वाचावी. धंदेवाईक यादीत पाककृती, ज्योतिष आणि हिटलर एकत्र नांदतात. चळवळीच्या यादीत प्रस्तावनाकार, अनुवादक आणि संपादक म्हणून तीच पाच-सहा नावे फिरत राहतात, आणि तीच पुढे परिसंवादांच्या पत्रिकांवर दिसतात. प्रबंधासाठी त्या नावांचाच तक्ता करा.