‘मर्मर’ आपला की इंग्रजी? आणि ‘जन्मजात’ म्हणजे ‘आनुवंशिक’ का?

फोंडेकरीण: अडीच महिन्यांच्या बोक्याला लस टोचायला नेलं होतं. डॉक्टर छाती तपासून म्हणाले, ‘मर्मर आहे, ग्रेड तीन. जन्मजात असू शकतं.’ मर्मर म्हणजे हृदयाच्या ठोक्यांसोबत येणारा जादा आवाज म्हणे. शेजारीण विचारते, ‘माजराक कितें जालें?’ काय सांगू? मर्मर हा शब्द कुठला? आणि जन्मजात म्हणजे आईबापांकडून आलेलं ना?

शब्दवेडा: मर्मर अस्सल संस्कृत. अमरकोशात वस्त्रांच्या आणि पानांच्या सळसळीला मर्मर म्हटलंय. इंग्रजी शब्द लॅटिनमधून आला. संस्कृत नि लॅटिन, दोन्ही नादावरून पडलेले, एकमेकांकडून उसनवारी नाही. शेजारणीला ‘काळजात खरखर आवाज येतो’ म्हणा, कळेल.

गोठ्यातला: जन्मजात म्हणजे जन्माच्या वेळी असलेलं, मग ते वारशाने आलेलं असो वा नसो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असणं हा मांजरांतला नेहमीचा जन्मजात दोष. उलट मेन कून मांजरांत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आनुवंशिक, त्याचं जनुक २००५ साली सापडलं. पण पिल्लू जन्मतं तेव्हा हृदय बहुधा ठीक असतं, आजार पुढे दिसतो. तेव्हा दोन्ही शब्द एकाच पेटीत घालू नका.

आणि ग्रेडला घाबरू नका. ती सहापर्यंत असते, पाच-सहाला छातीवर ठेवलेल्या हातालाही कंप जाणवतो. पण ग्रेड आवाजाची, आजाराची नव्हे. नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी जास्त फुसफुसतं, तसं लहान भोक पुष्कळदा मोठ्याने वाजतं. काही पिल्लांचा मर्मर तर निर्दोष असतो, चार-सहा महिन्यांत आपोआप जातो.

फोंडेकरीण: आमचा तर टेबलावरही घुरघुरत होता! डॉक्टरांनी शेवटी बेसिनचा नळ सोडला, तेव्हा गप्प झाला नि ठोके ऐकू आले. म्हणजे घुरघुरीत मर्मर बुडाला होता.

शब्दवेडा: वा! घुरघुर, मर्मर, दोघेही नादाचेच पोर.

गोठ्यातला: कानाने फक्त शंका येते, निदान एकोनेच, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीनेच होतं. कुठला कप्पा मोठा झालाय, झडप नीट मिटते का, रक्त कुठून कुठे जातं, ते सगळं त्यात दिसतं. तोवर दम लागणं, वाढ खुंटणं, हिरड्या निळसर दिसणं, यावर लक्ष ठेवा. तोंड उघडून धापा टाकू लागला तर तारखेची वाट बघू नका.

शब्दवेडा: ‘निदान’ची गंमत बघा. आयुर्वेदात त्याचा अर्थ रोगाचं कारण असाही आहे, डॉक्टरांकडे रोग ओळखणं, आणि घरात ‘कमीत कमी’.

फोंडेकरीण: एकोसाठी मंगळवारी पणजीला जातोय. आई म्हणते, निदान नाव तरी ठेव त्याचं, कागदावर काय लिहिणार?