५एफ१ चॅम्प घरी बनवला, पण घूंऽऽ काही जात नाही

खर्जवाला:
मंडळी, फेंडरच्या जुन्या ५एफ१ चॅम्पच्या सर्किटवर गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प बनवलाय, प्रीअ‍ॅम्पला १२एएक्स७, पॉवरला ६व्ही६ आणि रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारी) ५वाय३ ट्यूब. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा वाइंड करून घेतला, बाकी बरंचसं सामान पुण्यात तपकीर गल्लीत मिळालं. वाजवताना टोन एक नंबर, पण हात थांबला की घूंऽऽ सुरू. गिटारची केबल काढली तरी आहे, व्हॉल्यूम शून्यावर नेला की कमी होतो पण जात नाही. ट्यूब तापवणाऱ्या हीटरची एक बाजू चॅसिसला (धातूच्या डब्याला) आहे कारण मूळ लेआउटमध्ये तशीच आहे, आणि ग्राउंड जिथे जवळ पडलं तिथे चॅसिसला लावलेत. एक मित्र म्हणतो मोठे कपॅसिटर टाक, दुसरा म्हणतो प्लगची अर्थ पिन काढून बघ. काय करू?

व्हॉल्व्हकाका:
अर्थ पिन काढायची नाही!! आत ३०० व्होल्टच्या वर डीसी आहे, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर चॅसिस लाइव्ह होणार आणि चॅसिसला तुमच्या गिटारच्या तारा जोडलेल्या असतात. बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात, मीटरने बघितल्याशिवाय आत हात घालू नका.

आता कान लावा. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ९८ हर्ट्झचा असतो. हम (तो घूंऽऽ) साधारण त्याच सुरात असेल तर तो १०० हर्ट्झ, म्हणजे रेक्टिफायरनंतरचा रिपल, डीसीत उरलेली लहर. एक सप्तक खाली असेल तर ५०, मग हीटर नाहीतर ट्रान्सफॉर्मर बघा. नंतर बंद करून १२एएक्स७ काढा आणि परत चालू करा, जे उरेल ते पॉवर स्टेजचं. हे न करता पार्ट बदलत बसलात तर नुसते पैसे जातील.

सोल्डरपंत:
काकांना +१. व्हॉल्यूमबरोबर जो कमीजास्त होतो तो १२एएक्स७च्या पहिल्या ट्रायोडमधून येतोय (तिच्यात सिग्नल वाढवणारे असे दोन भाग असतात), कारण यात व्हॉल्यूमचा पॉट पहिल्या आणि दुसऱ्या ट्रायोडच्या मधे आहे. माझा पहिला संशय हीटरवर. चॅसिसची ती जोडणी काढ, ६व्ही६च्या २ आणि ७ नंबर पिनपासून १००-१०० ओहमचे दोन रेझिस्टर घे आणि त्यांची दुसरी टोकं एकत्र करून ८ नंबरला म्हणजे कॅथोडला लाव. तिथे २० व्होल्टच्या आसपास असतात, हीटर तेवढा वर उचलला जातो आणि १२एएक्स७च्या कॅथोडमध्ये गळती कमी होते. ट्रान्सफॉर्मरला हीटरचा सेंटर टॅप (वाइंडिंगच्या मधली तार) असेल तर रेझिस्टर नकोत, तोच कॅथोडला लाव. हीटरच्या वायरींना घट्ट पीळ दे आणि ग्रिडपासून, म्हणजे ट्यूबमध्ये सिग्नल जातो त्या पिनपासून, लांब ठेव.

खर्जवाला:
भारी फरक पडला राव! आता उरलाय तो जी च्या सुरातलाच वाटतोय, १२एएक्स७ काढली तरी आहे. मग कपॅसिटर वाढवू का? आणि आता मागे सीऽऽ पण ऐकू यायला लागलंय.

सोल्डरपंत:
रेक्टिफायरनंतरचा पहिला कपॅसिटर फार वाढवू नको, ५वाय३ला चालू होतानाचा करंट झेपत नाही. दुसरा ८ मायक्रोफॅरडचा असेल तर २२, ४५० व्होल्टचा टाक. पण त्याआधी ग्राउंड नीट कर, हे लोक नेहमी शेवटी करतात. हाय व्होल्टेजचा सेंटर टॅप चॅसिसला न लावता थेट पहिल्या कपॅसिटरच्या निगेटिव्हला, ६व्ही६चा कॅथोड रेझिस्टरही तिथेच, प्रीअ‍ॅम्पची ग्राउंड वेगळी, आणि चॅसिसला एकाच ठिकाणी, इनपुट जॅकजवळ. मेन्सची अर्थ मात्र स्वतंत्र बोल्टवर. तरी थोडा उरेल, सिंगल एंडेड म्हणजे एकच पॉवर ट्यूब आहे, जोडीने चालणाऱ्या पुशपुलसारखा रिपल आपोआप कटत नाही.

व्हॉल्व्हकाका:
सीऽऽ साठी १२एएक्स७च्या प्लेटचे १०० के (किलोओहम) रेझिस्टर मेटल फिल्मचे टाका, कार्बन कॉम्पोझिशन असतील तर नक्कीच. व्हिंटेज दिसतात म्हणून लोक ते मुद्दाम शोधून लावतात आणि मग हिस येतो म्हणून रडतात. आणि गिटार लावल्यावर वेगळी चरचर आली तर अ‍ॅम्पला दोष देण्याआधी पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करून बघा.