को-होस्टला काम अर्धं, मग अधिकार का नाही?

किल्लीवाली
तीन वर्षं चुलत दिरांचं घर एअरबीएनबीवर (पाहुण्यांना घरं भाड्यानं देण्याची साइट) को-होस्ट म्हणून, म्हणजे मालकाच्या वतीनं, सांभाळते आहे. लिस्टिंग, म्हणजे साइटवरची घराची नोंद, त्यांच्या नावावर. मेसेज, सफाई, चादरी, किल्ल्या माझ्याकडे. एअरबीएनबीवर को-होस्टला तीन तऱ्हेची परवानगी देता येते: सगळी, कॅलेंडर बघणं आणि मेसेज, किंवा नुसतं कॅलेंडर बघणं. मला मधली मिळाली आहे. म्हणजे पाहुण्याशी बोलायचं मी, पण काही द्यायची वेळ आली की "विचारून सांगते".

गेल्या महिन्यात रात्री पावणेबाराला मेसेज आला, गरम पाणी येत नाहीये, सोबत तान्हं बाळ आहे. फोटोत गीझरचा दिवा बंद. बटण बघा, एमसीबी वरखाली करा, सगळं सांगून झालं. इलेक्ट्रिशियन सकाळशिवाय येणार नव्हता. "आजच्या रात्रीचे पैसे परत करते" एवढं म्हणता आलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण भाऊजी विमानात! चार तास मी "बघते, कळवते" करत बसले. रिव्ह्यूत काय आलं? "होस्ट टाळाटाळ करतात." गीझरचा उल्लेखसुद्धा नाही.

जबाबदारी वाटताय तर निर्णयही वाटा. नाहीतर को-होस्ट म्हणू नका, निरोप्या म्हणा.

उंबरठा
ताई, त्रास खरा आहे, पण मी मालक आहे, आमचीही बाजू ऐका. सुपरहोस्टचा बिल्ला (चांगल्या होस्टना एअरबीएनबी देतं तो) मालकाच्या खात्याला असतो, को-होस्टच्या नाही. त्याच्या अटी: रेटिंग किमान ४.८, ९० टक्के मेसेजना २४ तासांत उत्तर, आणि आपण होऊन रद्द केलेली बुकिंगं १ टक्क्याहून कमी. ही शेवटची अट नीट बघा. वर्षाला ६० बुकिंगं असतील तर एक रद्द केलं की संपलं.

मी को-होस्टला पूर्ण परवानगी दिली होती. घर दोन साइटवर, कॅलेंडरं आयकॅल लिंकनं (एका साइटवरची बुकिंगं दुसरीला कळवणारी लिंक) जोडलेली. ती लगेच जुळत नाहीत, मध्ये वेळ जातो. त्या फटीत एकाच तारखेला दोन बुकिंगं पडली आणि तिनं मला न विचारता एक उडवलं. तिच्या वाट्याचे एका बुकिंगचे २० टक्के गेले, माझा बिल्ला गेला. चादर पुन्हा धुता येते हो.

रात्रपाळी
@उंबरठा, पण दोनातलं एक रद्द करावंच लागलं असतं ना? तुम्ही काय वेगळं केलं असतं?

उंबरठा
आधी दोघांना विचारलं असतं, कुणी तारखा पुढेमागे करतंय का. पुष्कळदा एक जण सरकतो. आणि नाहीच जमलं, तर कोणतं रद्द करायचं ते मी ठरवलं असतं.

हिशेबनीस
अधिकार-बिधिकार राहू द्या, खरं भांडण को-होस्टच्या वाट्याच्या टक्क्यांचं आहे. पाहुणा एक रात्र राहो की सात, किल्ली एकदाच द्यायची, चादरी एकदाच बदलायच्या, संडास एकदाच घासायचा. टक्केवारीत मात्र सात रात्रींचे सातपट. मग पूर्ण परवानगीवाला को-होस्ट काय करतो? गुपचूप किमान मुक्काम तीन रात्रींचा करून टाकतो. मधल्या सुट्या रात्री ओस, आणि मालकाला वाटतं मंदी आहे! स्वतःच्या घरावरून सांगतोय, मला हे कळायला सात महिने लागले.

को-होस्टचा वाटा टक्क्यांतच द्यायला हवा असं कुठं आहे? ठरावीक रक्कम ठेवता येते, सफाईचे पैसे वेगळे काढून देता येतात. आमच्याकडे आता दर बुकिंगला ठरावीक रक्कम अधिक सफाई. कुरबुर पूर्ण थांबली नाही, पण सुट्या रात्री भरू लागल्या.

किल्लीवाली
मी असलं काही केलेलं नाही हं! (मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू.)

रात्रपाळी
मी पाच घरांचा को-होस्ट आहे आणि ताईंशी अजिबात सहमत नाही. मला अधिकार नकोच. अधिकार आला की शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या, भरपाईची भांडणं आली. एका पाहुण्यानं टेबलावर इस्त्री ठेवली, लाकडावर तिचा त्रिकोण उमटला. चेक-आउटच्याच दिवशी मी मालकांना चार फोटो पाठवले. नुकसानभरपाईचा दावा एअरबीएनबीकडे १४ दिवसांच्या आत लावायचा असतो. साहेबांना सोळाव्या दिवशी आठवलं, आणि वर मलाच म्हणाले, "तुम्हीच लावून टाकायचा ना." पूर्ण परवानगी असती तर टेबलाचे पैसे माझ्या वाट्यातून कापले असते. अडकलेलं बरं की मोकळं बरं, तुम्हीच सांगा. मला फक्त रात्री फोन उचलणारा मालक हवा.

उंबरठा
फोन उचलायला हवा, हे मान्य. @किल्लीवाली, एक विचारतो. त्या रात्रीचे पैसे परत केले असते तर ते कुणाच्या वाट्यातून?

किल्लीवाली
दोघांच्या. ज्याचा जेवढा वाटा, तेवढा त्याचा तोटा.

उंबरठा
मग रकमेची मर्यादा घालून परवानगी द्यायला माझी ना नाही. फुकटची उदारता नको, एवढंच. दुसऱ्याच्या खिशातून माफ करणं फार सोपं असतं.

रात्रपाळी
मर्यादा लिहून ठेवलीत की तेवढे पैसे दरवेळी सुटणार, बघा. माझ्याकडे एका घरी असं ठरलं होतं. वायफाय दहा मिनिटं गेलं तरी मी एक रात्र माफ करायला लागलो. भांडण्यापेक्षा ते सोपं पडायचं.

किल्लीवाली
भाऊजींना धागा दाखवला. ठरलं ते असं: एका रात्रीच्या भाड्यापर्यंत मी न विचारता परत करणार, त्यापुढे फोन. ते प्रवासात असले तर जाऊबाईंना. दाव्याचे फोटो त्याच दिवशी, दावा लावायचा त्यांनी.

कॅलेंडर बदलायचा अधिकार मात्र द्यायला तयार नाहीत. हिशेबनीसांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचला.