मे महिन्यात तरुण संघाचं सेवाशिबिर शहरातल्या वस्तीत: सहा दिवसांत नेमकं काय करावं?

जालना_तरुणसंघ

सर्वांना सलाम. आमच्या ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) तरुण संघ मेच्या दुसऱ्या आठवड्यात सहा दिवस छत्रपती संभाजीनगरातल्या एका वस्तीत सेवेला जाणार आहे. १४ मुली, १० मुलगे, वय १६ ते २४. सोबत पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू), त्यांच्या पत्नी आणि दोन शिक्षक. मुक्काम तिथल्या मंडळीच्या हॉलमध्ये, वस्तीपासून पायी १५ मिनिटं.

वस्तीत साधारण १८० घरं आहेत. नळाला पाणी सात-आठ दिवसांनी येतं, दारोदार निळी टिपाडं. सध्या ठरलंय ते असं: सकाळी लेकरांची शाळा, अंगणवाडीची खोली रंगवणं, संध्याकाळी पथनाट्य आणि गाणी, शेवटच्या दिवशी कपडे आणि धान्य वाटप. वर्गणी ४५ हजार जमली आहे, प्रवास वेगळा. यातलं काय ठेवावं, काय सोडावं? उन्हाचं गणित कसं बसवावं? अनुभवी लोकांनी सविस्तर सांगावं.

कोरडा_दिवस

तुमच्या यादीत नसलेलं काम तुम्हीच लिहून गेलात: दारोदार निळी टिपाडं. या वस्तीला सगळ्यात उपयोगाचं ते आहे आणि ते कुणीच करत नाही.

डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंडी घालतो ती पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेलगत टिपाडाच्या आतल्या भिंतीला चिकटवतो. पाणी संपलं, टिपाड वाळलं, तरी ती अंडी कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन उपयोग नाही, कडा घासावीच लागते. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आरोग्य खातं दरवर्षी सांगतं. पण ज्या घरी आठव्या दिवशी पाणी येतं, ते घर भरलेलं टिपाड ओतून कसं देईल? त्यामुळे घासायची वेळ एकच: नळ सुटायच्या आधीचे दोन-तीन तास, टिपाड तळाला गेलेलं असताना. जाण्याआधी पाणी सोडणाऱ्या लाइनमनला भेटा आणि कोणत्या गल्लीचा व्हॉल्व्ह कोणत्या दिवशी उघडतो ते लिहून घ्या. शिबिराचं वेळापत्रक त्या कागदावर बसवा.

काम असं करायचं. तळाशी उरलेलं पाणी दुहेरी सुती कापडातून गाळून घागरीत काढा. ते घरच्यांचं आहे, भांड्याला चालतं, एक तांब्याही सांडू नका. काथ्याच्या ब्रशने आतली कडा वरून खाली घासा. हिरवट-तपकिरी रेघ दिसते तिथे जोर लावा. तारेचा ब्रश वापरू नका, प्लॅस्टिकला चरे पडतात आणि पुढच्या वेळी शेवाळ त्याच चऱ्यांत बसतं. दोन-तीन लिटर पाण्याने विसळा, आडवं करून ओता, कोरड्या फडक्याने पुसा आणि २० मिनिटं तोंड उन्हाकडे करून ठेवा. विसळायचं पाणी आपलं आपण न्या. हातगाड्यावर दोन भरलेली टिपाडं ठेवली की झालं. लोकांच्या पाण्याने त्यांचीच टिपाडं धुऊ नयेत.

आता झाकण. २०० लिटरच्या टिपाडाचं तोंड साधारण २३ इंच. ३६ इंच व्यासाचं गोल कापड कापा, कडेला नेफा घाला, त्यात अर्धा इंची इलॅस्टिक ५५ इंच ओवा. साडेपाच मीटरच्या जुन्या साडीतून अशी सहा निघतात. मच्छरदाणीचं कापड मिळालं तर ते जास्त चांगलं, कारण सुती कापड झोळ पडून पाण्याला टेकलं की ओलं राहतं आणि डासाला अंडी घालायला आयती ओली जागा मिळते. इलॅस्टिक ढिलं असलं तर सगळं मुसळ केरात. वस्तीत शिलाई मशीन असलेल्या दोन-तीन बायका हमखास असतात. नगामागे मजुरी ठरवा आणि जायच्या आठवडाभर आधी काम द्या.

एका जोडीला एका टिपाडाला १५ मिनिटं लागतात. आठ जोड्या, अडीच तास, म्हणजे ८० टिपाडं, घरटी दोन धरली तर ४० घरं. १८० घरांचा नाद सोडा, दोन गल्ल्या नीट करा. बाकीच्या बाया बघायला येतातच, त्यांच्या हातात ब्रश द्या.

एक धोका ध्यानात ठेवा. वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांतून निघालेली रसायनांची रिकामी टिपाडं स्वस्तात विकली जातात. लेबल अर्धवट फाटलेलं, आत वास धरलेला, असं टिपाड दिसलं तर घासून ते पिण्याच्या लायकीचं होत नाही. घरच्यांना बाजूला घेऊन सांगा आणि वापरायच्या पाण्यासाठी वेगळं काढायला लावा.

क्लोरीनची बाटली नागरी आरोग्य केंद्रातून आशाताईंच्या मार्फत घ्या. प्रमाण बाटलीवर असतं तेच. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं पाणी काढून घ्या, मग क्लोरीन, मग अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकलं तर ते गाळातच खर्ची पडतं. बाटली उन्हात ठेवू नका, मेच्या उन्हात औषधाचा जोर पटकन उतरतो.

फळा_खडू

लेकरांच्या शाळेबद्दल. इयत्तेप्रमाणे गट पाडू नका. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक मिनिट द्या: अक्षरं ओळखतो का, शब्द वाचतो का, चार ओळींचा उतारा वाचतो का. त्यावरून गट. पाचवीतलं लेकरू अक्षरांच्या गटात बसलं तर बसू द्या, मात्र गटाला "कच्चा" वगैरे नाव नको, रंगांची नावं द्या. दहा लेकरांमागे दोन जण, त्यातला एक फक्त उठून जाणाऱ्याकडे बघायला.

संभाजीनगरात निम्मी लेकरं उर्दू माध्यमाची निघाली तर मराठी अक्षरकार्डं कुचकामी ठरतात. आधी चौकशी करा. उर्दू वाचणारं कुणी नसेल तर त्यांच्यासाठी गणित घ्या, त्याला लिपी आड येत नाही. खराट्याच्या काड्या बोटभर तोडा, टोकं घासून बोथट करा, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा. गटामागे शंभर काड्या. ४२ मधून १७ काढायचे म्हणजे चार गठ्ठे आणि दोन सुट्या. सात सुट्या मागितल्या की लेकरू अडतं, इकडेतिकडे बघतं, आणि मग एका गठ्ठ्याचं रबर स्वतःच सोडतं. "हातचा घेणे" वर्षभर फळ्यावर कळलेलं नसतं, ते त्या रबरात कळतं. तिथे घाई करून त्याच्यासाठी रबर तुम्ही सोडू नका.

मोठ्या बहिणी कडेवर धाकटं घेऊनच येतात. त्यांना परत पाठवलं तर मुलीच गळतात. एका कोपऱ्यात सतरंजी, गाडगी-मडकी, चेंडू, आणि तिथे तुमच्या दोघी. वेळ सात ते नऊ. नऊनंतर पत्र्याखाली बसवत नाही.

चॉकलेट वाटू नका. दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट होते, तिसऱ्या दिवशी भांडणं, आणि शिकायला येणारी मागे राहतात. तो पैसा ४० गोष्टींच्या पुस्तकांना आणि एका पत्र्याच्या पेटीला घाला. पेटी वस्तीतल्याच नववी-दहावीच्या मुलीकडे ठेवा, देवघेवीची वही तिच्या हातची.

वडीलमंडळ

माझं म्हणणं वाटपाबद्दल आणि परवानगीबद्दल. कपडे-धान्य वाटप काढून टाका. १८० घरांना पुरणार नाही, ज्याला मिळालं नाही तो शेजाऱ्यावर रुसतो, आणि तुम्ही निघून गेल्यावर ते भांडण वस्तीत राहतं. जुने कपडे तर कुणाच्याही दारात नेऊ नका.

ख्रिस्ती मंडळी म्हणून जाताय तर ते पहिल्या भेटीत उघड सांगा. नगरसेवक, वस्तीतले जाणते लोक, मशिदीचे आणि विहाराचे जबाबदार लोक, सगळ्यांना एकच पत्र: किती जण, किती दिवस, कोणतं काम, मुक्काम कुठे, कोणाशी बोलायचं. त्याची प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. लेकरांच्या शाळेत बायबलमधली गोष्ट सांगणार असाल तर आईबापांना आधी सांगा आणि ती पाठवतील त्यांनाच बसवा. आधी सांगितलं नसेल तर तिथे वाचन-गणितच घ्या. पथनाट्य पाण्यावर, टिपाडावर करा. आपली गाणी, प्रार्थना हॉलमध्ये पहाटे आणि रात्री मनापासून करा. मदतीची वस्तू आणि धर्माचं पत्रक एका हाताने कधीही देऊ नये. त्याने मदतही खोटी होते आणि सुवार्ताही.

लेकरांच्या बाबतीत नियम कडक हवेत. कोणीही एकटा लेकरासोबत बंद खोलीत नाही, नेहमी दोघं मोठे. फोटो नाहीत, आणि काढायचाच तर आईबापांच्या होकाराने, चेहरा न दाखवता. एखाद्या लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मंडळीत मिटवायचा विषय तो नाही. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर सगळ्यांच्या वहीत पहिल्या पानावर असू द्या. तुमच्यात १८ च्या खालची मुलं-मुली आहेत, त्यांच्या पालकांची लेखी संमती घ्या.

तारीख पक्की करण्याआधी कॅलेंडर बघा. बुद्धपौर्णिमा, बकरी ईद, आणि मेमधल्या लग्नाच्या दाट तिथी. लग्नसराईत निम्मी वस्ती गावाकडे असते.

जालना_तरुणसंघ

खूप आभार. वाटप रद्द करतोय, पाळकसाहेबांचाही कल तोच होता. लाइनमनचा नंबर मिळवायला एकाला लावलंय. अंगणवाडीच्या रंगाचं काय? खोली १० बाय १२, उंची १०, वर पत्रे, एका भिंतीला खाली ओल आहे. चुना मारावा की डिस्टेंपर?

रंधा_पुट्टी

आधी वर बघा. ओल फक्त खाली असेल तर जमिनीतून येते, पण भिंतीवर वरून खाली ओघळ असतील तर पत्रा गळतो. पत्रा धरणाऱ्या जे-हुकाखालचे वायसर उन्हाने तडकतात आणि पहिल्याच पावसात नव्या रंगावर पिवळे ओघळ उतरतात. वायसर बदलायचं काम सुताराला किंवा पत्रेवाल्याला द्या. पोरांना पत्र्यावर चढवू नका, सिमेंटचा पत्रा तर पायाखाली अचानक फुटतो.

चुना स्वस्त खरा, पण कळीचा चुना विरघळवताना उकळतो, उडतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो. १६ वर्षांच्या पोरांच्या हाती तो नको. डिस्टेंपर घ्या. चार भिंती मिळून ४४० चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता ४०० धरा. दोन हातांना ८ ते १० किलो डिस्टेंपर, प्रायमर ४ लिटर, खड्डे भरण्यापुरती पुट्टी ५ किलो. पहिला दिवस खरवडणं आणि पुट्टी, दुसरा घासकागद आणि प्रायमर, तिसरा-चौथा रंगाचे हात. पोपडे खरवडायचा कंटाळा केला तर नवा रंग जुन्या पोपड्यासकट पावसाळ्यात खाली येतो.

ओल आलेल्या भिंतीचा खालचा तीन फूट भाग रंगवूच नका. पांढरा लोणा सुक्या ब्रशने झाडा आणि सोडून द्या. त्यावर ऑइलपेंट मारला तर आत ओल कोंडते आणि गिलाव्यासकट फुगून येते. बाकीच्या तीन भिंतींवर जमिनीपासून एक ते तीन फुटांत फळ्याचा काळा रंग मारा, दीड लिटर पुरतो. लेकरांच्या उंचीला तेवढाच पट्टा लागतो. कार्टूनच्या चित्रांपेक्षा तो जास्त वापरला जाईल.

खोलीत एका वेळी सहापेक्षा जास्त जण मावत नाहीत. सेविकाताई आणि पर्यवेक्षिका यांची परवानगी लेखी घ्या, आणि रंग कोणता ते ताईंनाच ठरवू द्या.

भाकरी_पिठलं

उन्हाचं थोडक्यात. कामाची वेळ साडेसहा ते साडेनऊ आणि साडेपाच ते साडेसात. मधे हॉलमध्येच. माणशी चार लिटर पिण्याचं पाणी धरा: २८ जणांना रोज २० लिटरचे सहा जार. ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात, ग्लासात अर्धं पाकीट टाकणं चूक, आणि केलेलं २४ तासांनंतर फेका. अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध झालं तर तो उष्माघात. सावलीत घ्या, अंग ओलं करून वारा घाला, १०८ ला फोन करा, शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

स्वयंपाक तुमच्या मुलींवर टाकू नका, त्या सेवेला आल्यात. वस्तीतल्या बचत गटाला काम द्या, पैसे रोजच्या रोज द्या. खिचडीला २८ जणांना तांदूळ तीन किलो, मूगडाळ एक किलो. सकाळचं उरलेलं संध्याकाळी खायचं नाही. ताक दुपारी, दही संध्याकाळपर्यंत आंबून जातं.

जालना_तरुणसंघ

लाइनमनशी बोलणं झालं. आमच्या दोन गल्ल्यांचा नंबर शिबिराच्या तिसऱ्या दिवशी येतो, पण व्हॉल्व्ह रात्री दोनला उघडतो. मग टिपाडं कधी घासायची?

कोरडा_दिवस

आदल्या संध्याकाळी, साडेपाच ते आठ. ऊन मिळणार नाही, म्हणून पुसण्यावर जोर द्या आणि टिपाड दोन विटांवर पालथं ठेवा. खालून हवा खेळली की दोनपर्यंत कोरडं होतं. त्याआधी प्रत्येक घराला विचारा: रात्रीपुरतं पाणी घागरीत आहे का? नसेल तर त्यांचं एक टिपाड तसंच सोडा, पुढच्या फेरीला त्या घरच्या बाया ते घासतील. झाकणं त्याच वेळी घरात द्या, दारात ठेवू नका. रात्री दोनला अर्धवट झोपेत पाइप लावणाऱ्या बाईच्या हाताशी ते कापड असलं पाहिजे. आणि पाणी सुटेल तेव्हा तुमच्यातले चार मोठे, लाइनमनला सांगून, गल्लीच्या तोंडाशी उभे राहा. टिपाड सरळ करायला दोन माणसं लागतात, आणि बऱ्याच घरात त्या वेळी म्हातारी आणि लेकरंच असतात.