मदत हवी आहे: मेसोपोटेमियातल्या शिपायांची मोडी पत्रं वाचायला

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढलेल्या मराठा पलटणींच्या शिपायांची पत्रं आहेत. घाईतली, लपेटीची मोडी वाचणारं इथे कुणी आहे का? कॉपिंग पेन्सिलीचा मजकूर ओल लागताच जांभळा होऊन पसरतो, म्हणून घड्या कोरड्याच उलगडून दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन केल्यात.

पुष्कळ पत्रं लेखनिकाकडून लिहून घेतलेली असत, त्यामुळे अक्षरावरून शिपाई ओळखू नका. पलटणीचा आकडा जसाच्या तसा उतरवा: १०३, ११०, ११७ या कुट शहराच्या वेढ्यात (१९१५-१६) अडकलेल्या पलटणींचे क्रमांक १९२२ मध्ये बदलले, तिथेच घोळ होतो. न लागलेला शब्द रिकामा सोडा. अंदाजाचा शब्द त्या शिपायाच्या तोंडी घालणं अन्यायाचं आहे. फील्ड पोस्टाचे, म्हणजे युद्धभूमीवरच्या लष्करी टपालाचे, अर्धवट उमटलेले शिक्के कसे ओळखायचे, तेही सांगा.